गिअरबॉक्स खोलू नका, आधी ब्रेक लाइट बघा

काटोलात ऑटोमॅटिक गाडीनं दोन झटके मारले आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला, की पानठेल्यावर लगेच निदान होतं : "गिअरबॉक्स गेला ना भाऊ, आता नागपूरलेच न्या लागते." नागपूर साठेक किलोमीटर, खर्चाचा आकडा त्याहून लांबचा. पण आजच्या ऑटोमॅटिकमध्ये गिअर कधी बदलायचा हे संगणक ठरवतो, त्याचा हुकूम वायरीतून जातो आणि त्याला खबर सेन्सर पुरवतात. यातल्या कुणीही दगा दिला तरी झटका मात्र गिअरबॉक्सच मारतो, आणि शिव्याही त्यालाच. तेव्हा पाने काढण्याआधी थोडी गंमत.

लिव्हर हलेना? गाडीच्या मागं जा

लिव्हर 'पी'मध्ये, म्हणजे पार्कमध्ये, अडकून बसली, कितीही दाबलं तरी हलत नाही. अशा वेळी कुणाला तरी गाडीच्या मागं उभं करा आणि ब्रेक दाबा. लाल दिवा लागला नाही, तर चोर बहुतेक सापडला. ब्रेक पॅडलच्या वर एक बोटभर स्विच असतो. चालकाचा पाय ब्रेकवर आहे ही खबर तोच संगणकाला देतो, आणि ती मिळाल्याशिवाय लिव्हरचं कुलूप उघडत नाही. अनेक गाड्यांत या स्विचचा आणि मागच्या दिव्यांचा फ्यूज एकच असतो. म्हणजे डिकीजवळच्या बल्बच्या होल्डरमध्ये शॉर्ट झालं, फ्यूज उडाला आणि गिअर जाम! अडल्या वेळेसाठी बऱ्याच गाड्यांत लिव्हरच्या शेजारी एक छोटं झाकण दिलेलं असतं. हँडब्रेक ओढायचा, झाकण काढून आत स्क्रू ड्रायव्हर दाबायचा, की कुलूप सुटतं.

ज्यात 'पी'च नाही

फेब्रुवारी २०१४ मध्ये दिल्लीजवळच्या ऑटो एक्स्पोत मारुतीनं सेलेरिओ आणली आणि एएमटी हा शब्द घरोघरी गेला. त्यातली यंत्रणा मॅग्नेटी मारेली या इटालियन कंपनीची. आत गिअरबॉक्स नेहमीचा मॅन्युअलच. फक्त क्लच दाबणारा पाय आणि गिअर टाकणारा हात, दोन्ही कामं संगणकाच्या हुकमावर चालणाऱ्या यंत्राकडे. म्हणून तिच्या लिव्हरवर 'पी' नाही. ब्रेकचा स्विच मात्र इथंही राजा आहे. त्यानं खबर दिली नाही तर गाडी सुरूच होत नाही आणि लोक बिचाऱ्या स्टार्टरला नावं ठेवत बसतात.

(मराठी घरांतलं पहिलं 'ऑटोमॅटिक' कदाचित याआधीचंच. १९८४ साली आलेली फिरोदियांची कायनेटिक होंडा स्कूटर. तिच्यात गिअर बदलायला ना संगणक, ना सेन्सर. सगळा खेळ बेल्टचा आणि फिरताना बाहेर सरकणाऱ्या रोलरचा.)

पी ०७०० : नुसता निरोप्या

स्टिअरिंगखाली सोळा पिनांचं एक सॉकेट असतं. स्कॅनर तिथं लागतो. भारतात २०१० च्या एप्रिलपासून गाड्यांना स्वतःचे दोष ओळखून दिवा लावण्याची सक्ती आली आणि २०१३ च्या एप्रिलपासून ती अधिक कडक झाली. स्कॅनरवर 'पी ०७००' उमटलं की काही जण थेट गिअरबॉक्सचं कोटेशन काढतात. या कोडचा अर्थ इतकाच, की गिअरबॉक्सच्या संगणकाला काहीतरी सांगायचंय, त्याला जाऊन विचारा. खरी बातमी दुसऱ्या कोडात असते. ०७०५ आला तर लिव्हर कुठं आहे हे सांगणारा स्विच, ०७१५ आला तर आत शिरणाऱ्या शाफ्टचा वेग मोजणारा सेन्सर, ०७२० आला तर बाहेर पडणाऱ्या शाफ्टचा. मोबाइलला जोडायची ब्लूटूथची स्वस्त यंत्रं बहुधा निरोप्यापाशीच थांबतात. गिअरबॉक्सच्या संगणकाशी बोलायला तसा स्कॅनर लागतो.

कोडबरोबर दोष घडला त्या क्षणीचा वेग, इंजिनचं तापमान अशी नोंदही अनेकदा साठवलेली असते. आल्या आल्या कोड पुसणारा मेकॅनिक हा पुरावा धुऊन टाकतो. आधी मोबाइलवर फोटो काढा, मग त्याला काय पुसायचं ते पुसू द्या.

५६ अंशांची अफवा

३० मे २०२४. नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रानं चक्क ५६ अंश सेल्सिअस दाखवलं. देशभर बातमी. शहरातल्या दुसऱ्या केंद्रावर मात्र ४४च्या आसपास पारा. हवामान खात्यानं खुलासा केला : सेन्सर बिघडला होता.

गिअरबॉक्समध्ये हे रोजचंच. तेलाचं तापमान सांगणारा सेन्सर खोटं बोलू लागला की संगणक घाबरतो, गिअर उशिरा टाकतो किंवा गाडीला 'लिम्प मोड'मध्ये ढकलतो. म्हणजे गाडी दुसऱ्या-तिसऱ्या अशा एकाच गिअरमध्ये रखडत चालते. ही शिक्षा नव्हे, घरी पोचण्याची सोय आहे. हवामान खात्यानं जे केलं तेच इथं करायचं : एका सेन्सरवर विश्वास न ठेवता शेजाऱ्याला विचारायचं. सकाळी, रात्रभर उभी असलेली गाडी सुरू करण्याआधी स्कॅनरवर तीन आकडे बघा : बाहेरची हवा, इंजिनचं पाणी, गिअरबॉक्सचं तेल. तिन्ही जवळपास सारखे हवेत. दोन ३०च्या घरात आणि तिसरा ११० म्हणत असेल तर तेल तापलेलं नाही, सेन्सर किंवा त्याची वायर गेलीय.

सकाळी पास, दुपारी नापास

गिअर बदलणाऱ्या तेलाची वाट उघडझाप करतात ते सोलेनॉइड, म्हणजे तांब्याच्या तारेची गुंडाळी. तांबं तापलं की दर अंशाला त्याचा रोध जवळजवळ ०.४ टक्क्यानं वाढतो. सकाळी २५ अंशांवर १२ ओहम दाखवणारी गुंडाळी ९० अंशांच्या तेलात सरळ १५ ओहमवर जाते, आणि ते बरोबरच आहे. म्हणून तापमान न विचारता नुसते ओहम सांगणाऱ्याचं अर्धंच ऐकावं. खरी खोट असते ती गुंडाळीत पडलेल्या बारीक चिरेत. थंडीत टोकं चिकटून राहतात, ऊन चढलं की सुटतात. विदर्भातल्या मे महिन्यात असे पेशंट भरपूर.

मल्टिमीटरलाही फसवता येतं

अर्थिंगची जाड तार आतून तुटत तुटत शेवटच्या एका धाग्यावर आली, तरी मल्टिमीटर ओहमवर शून्याजवळच दाखवतो आणि मेकॅनिक म्हणतो "तार चांगली आहे." मीटर मोजताना करंट अगदी नाममात्र सोडतो, तेवढ्याला एक धागा पुरतो. म्हणून मोजायचं ते काम चालू असताना. इंजिन सुरू, हेडलाइट आणि एसी चालू. मीटर व्होल्टवर, एक टोक बॅटरीच्या मायनसवर आणि दुसरं गिअरबॉक्सच्या उघड्या धातूवर. आकडा ०.२ व्होल्टच्या वर गेला तर अर्थिंग खराब. बोल्ट काढा, गंज पॉलिश पेपरनं घासा, परत आवळा. गिअरबॉक्सचा 'मोठा आजार' या घासकामानं बरा झाल्याची उदाहरणं कुठल्याही जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनला विचारा.

बॅटरीचंही तसंच. पूर्ण भरलेली, विश्रांतीत असलेली बॅटरी १२.६ व्होल्ट देते. सेल्फ मारताना ती ९.६च्या खाली घसरली तर संगणक अर्धवट झोपेत जागा होतो आणि नसलेले दोष नोंदवून ठेवतो. एकाच वेळी पाच-सहा असंबद्ध कोड दिसले की आधी बॅटरीवर संशय घ्या. आणि नवीन बॅटरी टाकल्यावर गाडी पहिले काही दिवस गिअर दणकन टाकत असेल तर लगेच भांडायला जाऊ नका. काही गाड्यांत संगणकानं शिकून ठेवलेली क्लचची मापं पुसली जातात, ती त्याला पुन्हा शिकावी लागतात.

साठ ओहमचा मंत्र

गाडीतले संगणक एकमेकांशी दोन पिळलेल्या वायरींवर बोलतात. ही 'कॅन' पद्धत जर्मनीच्या बॉश कंपनीनं १९८६ मध्ये जगापुढं आणली. वायरींच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो. बॅटरी काढून स्कॅनरच्या सॉकेटमधल्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांवर मीटर लावला की बहुतेक गाड्यांत ६० ओहम यायला हवेत. १२० आले तर कुठंतरी एक टोक तुटलंय. शून्य आलं तर दोन्ही वायरी एकमेकींना चिकटल्यात. एवढ्या मोठ्या जाळ्याची तब्येत दोन पिनांवर कळते.

तेल वर चढतं तेव्हा

मर्सिडीजच्या १९९६ पासूनच्या पाच गिअरच्या ऑटोमॅटिकचा एक विकार जगभरच्या गॅरेजांत प्रसिद्ध आहे. गिअरबॉक्सवरच्या कपलरचं, म्हणजे वायरींच्या जोडाचं, रबरी सील झिजतं, तेल वायरीच्या आत शिरतं आणि तांब्याच्या धाग्यांमधून केशाकर्षणानं चढत चढत थेट संगणकाच्या पेटीत जाऊन बसतं! फोक्सवॅगनची गोष्ट आणखी और. नोव्हेंबर २०१३ मध्ये त्यांनी सात गिअरच्या डीएसजी (दोन क्लचच्या ऑटोमॅटिक) गाड्यांपैकी तब्बल १६ लाख परत बोलावल्या. कारण उष्ण आणि दमट हवेत गिअरबॉक्समधल्या सिंथेटिक तेलामुळे वीजपुरवठ्यात शॉर्ट होऊ शकत होतं. इलाज काय, तर साधं मिनरल ऑइल.

उंदीर, सोयाबीन आणि मिरची

उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढतात, म्हणून त्याला काहीतरी कुरतडावंच लागतं. बॉनेटखाली ऊबही मिळते आणि वायरीही. सोयाबीनपासून केलेल्या आवरणामुळे उंदीर ओढले जातात, असा दावा करत २०१६ मध्ये अमेरिकेत टोयोटावर खटलाही भरला गेला. होंडानं तिकडं वेगळाच तोडगा काढला : मिरचीतलं कॅप्सेसिन लावलेली चिकटपट्टी वायरीवर गुंडाळायची. सोयाबीन आपल्या वावरात, भिवापुरी मिरची आपल्याच जिल्ह्यात; पेटंट मात्र कुणाला सुचलं नाही!

फवारणीच्या पंपानं धुतलेली गाडी

संत्र्याच्या बागेसाठी घेतलेला एचटीपी पंप गाडी धुवायलाही कामी येतो. धार जोरदार, चिखल झटक्यात साफ. तीच धार बॉनेटखाली मारली की पाणी कपलरच्या सीलमधून आत घुसतं. त्या संध्याकाळी गाडी झटके मारते, दुसऱ्या दिवशी उन्हात वाळते आणि मेकॅनिकपुढं उभी केली की शहाण्यासारखी चालते. असा लपाछपीचा दोष पकडायला नुसतं यंत्र पुरत नाही, दोन माणसं हवीत. गाडी उभी, हँडब्रेक ओढलेला, इंजिन सुरू, लिव्हर 'पी'त किंवा 'एन'मध्ये. एकानं आत बसून स्कॅनरवर आत शिरणाऱ्या शाफ्टच्या वेगाचा आकडा बघत राहायचं. दुसऱ्यानं पंख्यापासून हात दूर ठेवून गिअरबॉक्सकडं जाणारी वायर वीतभर वीतभर हलवत पुढं सरकायचं. आकडा क्षणभर शून्यावर पडला की आतला ओरडतो, "तिथंच!" मग वरून टेप गुंडाळू नका. कपलर उघडा, पिना बघा. एखादी तरी हिरवट पडलेली सापडेल.