खोट असलेला हिरा

जवाहिऱ्याच्या भिंगाखाली खोट दिसली की हिऱ्याची किंमत उतरते. स्वित्झर्लंडमधल्या बाझेल विद्यापीठात पॅट्रिक मालेटिन्स्की यांचा गट मात्र हिऱ्यात अशी खोट मुद्दाम घडवतो.

कार्बनच्या एका अणूच्या जागी नायट्रोजन बसतो आणि त्याला लागूनची जागा रिकामी राहते. या जोडीला एन-व्ही केंद्र म्हणतात. त्यावर हिरवा लेसर टाकला की ते तांबडे उजळते. सोबत २.८७ गिगाहर्ट्झच्या मायक्रोवेव्ह लहरी सोडल्या की तो उजेड किंचित मंदावतो. जवळ चुंबकीय क्षेत्र असेल, तर मंदावण्याचा हा आकडा दुभंगून दोन बाजूंना सरकतो. क्षेत्र केंद्राच्या अक्षाच्या दिशेने असेल तर एका गॉसला २.८ मेगाहर्ट्झ, हा हिशोब ठरलेला. पवईला आयआयटी मुंबईत कस्तुरी साहा यांचा गटही याच केंद्रांवर चालणारे सूक्ष्मदर्शक घडवतो.

पण खरी कसोटी थंडीत लागते. १९११ साली लायडनमध्ये कामरलिंग ओनेस यांनी पारा उणे २६९ अंश सेल्सिअसपर्यंत गार केला, आणि त्याचा विद्युतरोध एकाएकी नाहीसा झाला. अशा अतिसंवाहकांपैकी काहींमध्ये चुंबकीय क्षेत्र शिरते ते बारीक भोवऱ्यांच्या रूपात. १९५७ साली अब्रिकोसोव्ह यांनी हे भोवरे कागदावर मांडले. पुढे दहा वर्षांनी एसमान आणि ट्रॉयब्ले यांनी नमुन्यावर चुंबकीय धातूचे अतिसूक्ष्म कण बसवून ते दाखवले. भोवरे कुठे आहेत हे त्यातून दिसले, प्रत्येकाचे क्षेत्र नेमके किती हे मात्र कळेना. नंतर चुंबकीय टोकाची सुई आली, तर ती जवळ नेताच भोवरा ओढला जाई.

हिरा चुंबकीय नसतो. म्हणूनच २०१६ साली बाझेलचा गट टोकाशी एन-व्ही केंद्र असलेली हिऱ्याची सुई द्रवरूप हेलियमच्या थंडीत, पृष्ठभागापासून मीटरच्या सुमारे दहा कोटीव्या भागाइतक्या अंतरावर नेऊन वायबीसीओ नावाच्या अतिसंवाहकातल्या एकेका भोवऱ्याचे क्षेत्र मोजू शकला. यातली कसरत उष्णतेची असते. लेसर आणि मायक्रोवेव्ह दोन्ही नमुन्याला तापवतात, त्यामुळे दोन्ही बेतानेच वापरावे लागतात.

२०१९ सालचे काम तर याहून विलक्षण. क्रोमियम आयोडाइडचे अणूंइतके पातळ थर हवा लागली की खराब होतात, म्हणून ते बोरॉन नायट्राइडसारख्या पदार्थाच्या पापुद्र्यांत बंद करून ठेवावे लागतात. गार केल्यावर हे थर चुंबक होतात. सुईने मोजले तेव्हा एका थरात दर चौरस नॅनोमीटरला सुमारे १६ बोर मॅग्नेटॉन भरले. बोर मॅग्नेटॉन म्हणजे साधारण एका इलेक्ट्रॉनचे चुंबकत्व. थर सम संख्येत असतील तर एकूण चुंबकत्व शून्य, विषम असतील तर जेमतेम एका थराइतकेच. शेजारचे थर एकमेकांविरुद्ध तोंड करून बसतात आणि जोडीजोडीने एकमेकांना फेडून टाकतात.

मोजणी चालू असताना एका नमुन्याला सुईचे टोक चुकून टोचले आणि पापुद्र्याला भोक पडले. नाजूक नमुना वाया गेला, असेच कुणालाही वाटले असते. गटाने तोच पुन्हा मोजला, तर चुंबकत्व कितीतरी पटींनी वाढलेले! टोचण्यामुळे थरांची एकमेकांवरची बैठक बदलली होती, आणि इतका वेळ पाठ फिरवून बसलेले थर आता एकाच दिशेला तोंड करून उभे होते.