कामाची जागा आणि दुपारचे जेवण

आहाराविषयी बोलू लागले की आपले लक्ष प्रथम घरच्या चुलीकडे जाते. पण शहरात नोकरी करणाऱ्या माणसाचा दिवस पाहिला, तर एक जेवण, दोनतीन चहा आणि मधल्या वेळचे चार घास तो कचेरीत, कारखान्यात किंवा दुकानात घेतो, असे दिसेल. तेव्हा कामाच्या जागी सकस खाणे कसे रुजेल, एवढ्याच प्रश्नाचा आम्ही येथे विचार करणार आहोत.

प्रश्न किरकोळ नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशातील मधुमेह्यांची संख्या १० कोटींच्या वर गेल्याचे आढळले. २०१९ ते २१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी निघाल्या. ही कमावत्या वयाची माणसे आहेत. त्यांचे अंग थकले की घराचे उत्पन्न थकते.

यावर नेहमीचा उपदेश असा की, माणसाने जिभेवर ताबा ठेवावा. उपदेश खोटा नाही, पण अपुरा आहे. सुट्टी अर्ध्या तासाची, उपाहारगृहात तयार असलेला पदार्थ भजी किंवा वडा, आणि उसळीला दुप्पट वेळ व दुप्पट दाम, अशी स्थिती असेल तर शहाणा माणूसही वडाच खाईल. आमचे म्हणणे असे की, कामाच्या जागचे खाणे मुख्यतः तेथील व्यवस्था ठरवते. म्हणून सुधारणेचा आरंभ व्यवस्थेपासून केला पाहिजे.

याला आपल्याच प्रांताचा इतिहास साक्षी आहे. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी मुंबईत डबे पोचवण्याची सोय सुरू केली आणि घरची भाजीपोळी कचेरीच्या मेजापर्यंत जाऊ लागली. गिरणगावात कुटुंब गावी ठेवून आलेल्या कामगारांना खानावळवाल्या बायकांनी पोसले. त्या कर्जाच्या फासातून सुटाव्यात म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभारले. कोणीतरी सोय केली, तेव्हाच कामगाराच्या पानात ताजे अन्न पडले.

कायद्यानेही हे ओळखले होते. १९४८ च्या कारखाने कायद्यात २५० हून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात उपाहारगृह ठेवायला लावण्याची तरतूद होती. पदार्थ, दर आणि कामगारांचे प्रतिनिधी असलेली व्यवस्थापक समिती यांचे नियम करण्याचा अधिकारही त्यात होता. २०२० साली संसदेने मंजूर केलेल्या संहितेने ही मर्यादा कंत्राटी कामगार धरून १०० वर आणली. परंतु उपाहारगृह असणे निराळे आणि तेथे पथ्याचे अन्न मिळणे निराळे. ते काम समितीने करायचे आहे.

समितीने काय करावे? पहिली गोष्ट, तेलाचा हिशेब. महिन्याला लागलेले तेल एकूण ताटांनी भागावे आणि येणारा आकडा फळ्यावर लिहावा. पुढच्या महिन्यात तो उतरतो की चढतो, हे सर्वांना दिसेल. मिठाचाही हिशेब असाच ठेवावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसभरात ५ ग्रॅमहून कमी मीठ पोटात जावे, आणि लोणचे व पापड यांतच त्याचा मोठा वाटा जातो. दुसरी गोष्ट, मोड आलेल्या मटकीची उसळ, भाकरी, काकडी आणि ताक यांचे ताट सर्वांत स्वस्त ठेवावे व सर्वांत आधी वाढावे. तळलेले पदार्थ बंद करू नयेत. बंदी घातली की लोक फाटकाबाहेरच्या गाडीवर जातात. ते आठवड्यातून एकदोन दिवस करावेत.

तिसरी गोष्ट, चहा. चहाचा लहान चमचा भरून साखर ४ ते ५ ग्रॅम भरते. दोन चमच्यांचे चार कप घेतले की ३२ ते ४० ग्रॅम झाली. दिवसाला २५ ग्रॅमच्या आत राहणे अधिक हिताचे, असे तीच संघटना सांगते. म्हणून चहा बिनसाखरेचा करून साखर वेगळी ठेवावी. जेवणाबरोबर घेतलेला चहा अन्नातील लोह अंगी लागू देत नाही. उलट लिंबाची फोड त्याला मदत करते. तेव्हा चहा जेवणानंतर तासाभराने द्यावा आणि ताटात लिंबू वाढावे. यात खर्च जवळजवळ नाही.

जेथे दहाबारा माणसेच काम करतात, तेथे समिती कोठून आणायची, असे कोणी विचारील. तेथे स्वच्छ पाणी, हात धुण्याची जागा, डबा उघडायला एक बाक आणि गिऱ्हाइकाने न मोडलेला अर्धा तास, एवढे मालकाने द्यावे. शेंगदाणे, फुटाणे आणि केळी डब्यात भरून ठेवली, तर चार वाजताची भूक भागते.

शेवटी एक गोष्ट तपासून पाहावी. साहेबांच्या सभेत फळांची ताटली फिरते. त्याच इमारतीचा शिपाई आणि झाडूवाली बाई जिन्याखाली बसून कोरडी पोळी चहात बुडवून खातात. नवी समिती नेमताना पहिली दोन नावे त्यांची घालावीत. स्वस्त ताट किती स्वस्त हवे, हे त्यांच्याइतके अचूक दुसरे कोणी सांगणार नाही.