काना तुटला की शिरोरेघ? : घरच्या इंकजेट प्रिंटरचं हेड अलाइनमेंट

मागच्या वेळी आपण इंकजेटची शाई कागदावर कशी पडते ते पाहिलं होतं. आज विषय त्याच्या पुढचा आहे: शाई पडते, पण जिथे पडायला हवी तिथे पडत नाही. म्हणजे अक्षरं दुहेरी दिसतात, तक्त्याच्या उभ्या रेघा करवतीसारख्या होतात, फोटोला कडेने रंगीत झालर येते. अशा वेळी बहुतेक घरांत दोनच गोष्टी घडतात. एक तर क्लीनिंगचं बटण पाच-सहा वेळा दाबून अर्धी शाई वाया घालवली जाते, नाहीतर ‘हेड गेलं’ असं ऐकून प्रिंटर माळ्यावर जातो. नव्या हेडची किंमत अनेकदा नव्या प्रिंटरच्या जवळ पोचते. म्हणून हेड खरंच गेलंय, की नुसतं जागेचं गणित चुकलंय, हे आपल्याला ओळखता यायला हवं.

हे गणित चुकतं कसं, ते आधी पाहू. प्रिंट हेड ज्या गाडीवर बसलेलं असतं तिला कॅरेज म्हणतात. ही कॅरेज डावीकडून उजवीकडे जाताना शाई टाकते आणि वेळ वाचावा म्हणून परत येतानाही टाकते. आता गावाकडच्या एसटीतून पेपरचं पार्सल टाकणारा डोळ्यांपुढे आणा. थांब्यावर गाडी थांबली नाही, नुसती हळू झाली, तर बरोबर थांब्यासमोर हातातून सोडलेला गठ्ठा थांब्याच्या पुढे जाऊन पडतो. परतीच्या गाडीतून टाकला तर उलट बाजूला पुढे पडतो. शाईच्या थेंबाचंही अगदी असंच होतं.

आकडे घालून बघू. समजा कॅरेजचा वेग सेकंदाला अर्धा मीटर आहे, हेड आणि कागद यांच्यात दीड मिलिमीटर अंतर आहे आणि थेंब सेकंदाला ६ मीटर वेगाने खाली येतोय. थेंबाला कागदापर्यंत पोचायला सेकंदाचा चार हजारावा भाग लागतो. तेवढ्यात कॅरेजच्या वेगामुळे तो ०.१२५ मिलिमीटर पुढे सरकतो. जाताना एका बाजूला, येताना दुसऱ्या बाजूला, म्हणजे फरक पाव मिलिमीटरचा. ऐकायला किरकोळ वाटतं. पण ६०० डीपीआयला दोन ठिपक्यांमधलं अंतर ०.०४२ मिलिमीटर असतं, म्हणजे आपण सहा ठिपके चुकलो! प्रिंटर हे सांभाळून घेतो, थेंब थोडा आधी सोडतो. किती आधी, हा आकडा प्रत्येक यंत्राचा वेगळा असतो आणि तो शोधून साठवून ठेवणं म्हणजेच अलाइनमेंट. त्यात हेड फारसं हलवायचं वगैरे नसतं. स्क्रूड्रायव्हर खाली ठेवा.

हा आकडा बिघडतो कधी? कार्ट्रिज बदललं की. एचपीच्या आणि कॅननच्याही बऱ्याच घरगुती प्रिंटरांत नोझल कार्ट्रिजवरच असतात, म्हणजे कार्ट्रिज बदलणं म्हणजे हेडच बदलणं. त्यात काळं वेगळं आणि रंगीत वेगळं, दोघं खाचेत केसभर इकडेतिकडे बसतात. एप्सनच्या टाकीवाल्या प्रिंटरांत हेड कायम तेच राहतं, त्यामुळे तिथे ही पाळी कमी येते; पण प्रिंटर रिक्षातून आणला, घर बदललं, कागद अडकून ओढून काढला, की तिथेही तपासायला हवं.

आता निदान. आपल्याला देवनागरीचा एक फायदा आहे, तो इंग्रजीवाल्यांना नाही. छापलेला कागद घ्या आणि दोन गोष्टी बघा: शिरोरेघ आणि काना. शिरोरेघ मध्येच फिकी पडली, किंवा पानभर आडव्या पांढऱ्या रेघा आल्या, तर बहुतेक नोझल बंद आहेत. काना मध्येच तुटून बाजूला सरकला, किंवा एकाचे दोन झाले, तर अलाइनमेंट. मात्र कान्यावर पूर्ण भिस्त ठेवू नका. हेड एका फेरीत कागदाचा एक आडवा पट्टा छापतं आणि दोन पट्ट्यांचा जोड कदाचित ओळींच्या मधल्या रिकाम्या जागेत पडेल; मग काने सगळे शाबूत दिसतील. त्यासाठी पानभर लांब उभी रेघ हवी. घरात सातबाऱ्याची फाइल असली तर तीच छापा, उभ्या रकान्यांचा भरपूर पुरवठा आहे त्यात. दर काही मिलिमीटरवर रेघ डावी-उजवी, डावी-उजवी अशी पायऱ्यापायऱ्यांनी उतरत असेल तर दोष जाण्या-येण्याचा आहे.

आणखी खात्री करायची असेल तर ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये ‘बायडायरेक्शनल’ किंवा ‘हाय स्पीड’ असा पर्याय असतो. तो बंद करून तेच पान पुन्हा छापा. आता हेड एकाच दिशेला छापतंय. रेघ सरळ आली? मग शंकाच नको. आमच्या मते ही सगळ्यात उपयोगी चाचणी आहे, आणि ती फारशी कोणी करत नाही. घाई असेल, उद्या परीक्षा आहे आणि हॉल तिकिटावरचा बारकोड धूसर येतोय, तर हे सेटिंग बंद ठेवूनच छापून घ्या. वेळ जास्त लागेल, पण बारकोड स्पष्ट येईल. अलाइनमेंट नंतर निवांत करू.

आणि हो, सगळं पानच तिरकं आलं, म्हणजे ओळी चढत गेल्या, तर त्याचा हेडशी संबंध नाही. कागद ट्रेमध्ये सैल आहे. बाजूची पट्टी कागदाला टेकवा, झालं.

क्रम मात्र सोडायचा नाही. आधी नोझल चेक. त्यात तुटक रेघा दिसल्या तर एकदा क्लीनिंग, पुन्हा चेक. दोन-तीनदा करूनही सुधारलं नाही तर थांबा, प्रिंटर रात्रभर तसाच ठेवा आणि सकाळी बघा. क्लीनिंगची शाई आत एका शोषक पॅडमध्ये जाते आणि ते पॅड भरलं की तो खर्च वेगळाच. नोझल पूर्ण मोकळे झाल्यावरच अलाइनमेंट. अर्धे नोझल बंद असताना केलेली अलाइनमेंट म्हणजे काटा वाकलेल्या तराजूवर केलेलं वजन.

स्वयंचलित अलाइनमेंटमध्ये प्रिंटर एक नक्षी छापतो आणि स्वतःच्या सेन्सरने वाचतो, किंवा ते पान स्कॅनरच्या काचेवर पालथं ठेवायला सांगतो. इथे आपली काटकसर आडवी येते. आपल्याकडे पाठकोरे कागद जपून वापरायची चांगली सवय आहे, पण या कामाला पाठकोरा चालत नाही. मागची छपाई आरपार दिसते आणि सेन्सर फसतो. साधा, पांढरा, कोरा ए-फोर कागद हवा. ‘अलाइनमेंट फेल्ड’ असा संदेश आला तर सगळ्यात आधी कागद बदलून बघा, मग शाईची पातळी.

हाताने करायची असेल तर पानावर चौकोनांच्या ओळी येतात, प्रत्येकावर क्रमांक. शाळेतल्या वर्निअर कॅलिपरची आठवण ठेवा: दोन मोजपट्ट्यांतल्या कोणत्या रेघा जुळतात ते बघायचं. इथेही जाताना आणि येताना छापलेल्या रेघा थोड्याथोड्या फरकाने सरकवलेल्या असतात. ज्या चौकोनात पांढरी फट नाही आणि गडद पट्टाही नाही, त्याचा क्रमांक द्यायचा. कागद हातभर लांब धरून डोळे किलकिले करा, फरक पटकन कळतो. एकदा क्रमांक दिल्यावर पुन्हा तीच नक्षी छापून बघा. पहिल्या फेरीत नेमकं उत्तर मिळेलच असं नाही.

आता श्रोत्यांच्या चिठ्ठ्यांतले प्रश्न. एकांनी विचारलंय, साध्या कागदावर ठीक येतं, पण पत्रिकेच्या जाड कागदावर अक्षरं पुसट का? जाड कागदासाठी काही प्रिंटरांत हेड थोडं वर उचललं जातं. अंतर वाढलं की थेंबाला वेळ जास्त, म्हणजे तो पुढे जास्त जातो. मघाचंच गणित: ०.३ मिलिमीटर अंतर वाढलं तर दोन्ही बाजू मिळून ०.०५ मिलिमीटर फरक, ठिपक्याहून जरा जास्त. ड्रायव्हरमध्ये कागदाचा प्रकार बरोबर निवडा आणि अशा कामाला एकाच दिशेची छपाई ठेवा. पावसाळ्यात कागद दमट होऊन लाटेसारखा वाकतो तेव्हाही हेच होतं, फक्त पानाच्या काही भागात. रीम पिशवीत बंद ठेवा.

दुसरा प्रश्न: अलाइनमेंट नीट झाली, तरी एका ठरावीक उभ्या पट्ट्यात गडबड राहते. अशा वेळी कॅरेजच्या मागची पारदर्शक प्लॅस्टिकची पट्टी बघा. तिच्यावर अतिशय बारीक रेघा असतात आणि त्या मोजूनच कॅरेजला आपण कुठे आहोत ते कळतं. तिच्यावर शाईचा किंवा ग्रीसचा डाग पडला तर तेवढ्या जागी मोजणी चुकते. प्रिंटर बंद करून प्लग काढा, धागे न सुटणारं मऊ कापड किंचित ओलं करून अलगद पुसा. ओढू नका, ती एका टोकाला स्प्रिंगने ताणलेली असते. ती सुटली तर मग मात्र दुरुस्तीवाल्याकडे जावं लागेल.

शेवटची चिठ्ठी, गणपतीला गावी गेलं की परत आल्यावर प्रिंटर बिघडलेलाच का सापडतो? भिंतीवरचं बटण बंद करून जाता म्हणून. प्रिंटरच्या स्वतःच्या बटणाने बंद केलं की हेड कोपऱ्यात जाऊन झाकणावर बसतं. मध्येच वीज तोडली तर ते उघडं राहू शकतं, आणि मग शाई वाळते. आधी प्रिंटरचं बटण, दिवा विझू द्या, मग भिंतीवरचं.