नर्सबाई दिसली की दार लागायचं

अडतीस वर्षं आरोग्यसेविका म्हणून राबलेल्या बाईंशी बोलायला बसलो तेव्हा अडलेल्या बाळंतिणींच्या, रात्रीच्या कंदिलाच्या गोष्टी ऐकायला मिळतील असं वाटलं होतं. त्यांनी सुरुवात केली ती 'केस'पासून.

केस म्हणजे कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया. अठरा महिन्यांचं एएनएमचं प्रशिक्षण संपवून १९८४ साली बाई नाशिक जिल्ह्याच्या आदिवासी पट्ट्यातल्या एका उपकेंद्रावर रुजू झाल्या. डोंगराळ भागात तीन हजार लोकसंख्येला एक उपकेंद्र, असा निकष. मार्च जवळ आला की केसचं टार्गेट भरायचं. नाही भरलं तर मासिक सभेत सगळ्यांदेखत उभं राहायचं. "तापाची गोळी द्यायला गेले तरी बायका म्हणायच्या, नर्सबाई, आमचं नाव नका लिहू. लांबून दिसले तरी दार लागायचं. मग लेकराला टोचायचं कुणाच्या ओट्यावर?"

टार्गेटची वही आणि लशीचा डबा एकाच बाईच्या खांद्यावर देणं ही घोडचूक होती, असं मला त्यांचं ऐकताना वाटत राहिलं. त्यांनी मात्र तक्रारीचा सूर लावला नाही.

१९८५ मध्ये सार्वत्रिक लसीकरण सुरू झालं. काचेच्या सिरिंजा आणि सुया आदल्या रात्री स्टोव्हवर उकळायच्या, सकाळी बर्फाच्या डब्यात लस घेऊन पायी निघायचं. सुया बोथट व्हायच्या. "त्या दगडावर घासून धार लावायचो, आता कुणाला सांगितलं तर खोटं वाटेल." आता एकदा टोचली की आपोआप अडकणारी सिरिंज आहे.

डिसेंबर १९९५ मध्ये पल्स पोलिओ आला आणि एप्रिल १९९६ पासून केसचं टार्गेट सरकारनं काढून टाकलं. या दोन गोष्टी लागोपाठ घडल्या, हे बाईंच्या बोलण्यातूनच माझ्या लक्षात आलं. सुई नाही, वहीत नाव नाही, नुसते दोन थेंब. शाई लावायला पोरं स्वतःहून डाव्या हाताची करंगळी पुढं करायला लागली. त्यांच्या आया चहा ठेवायला लागल्या.

पुढचं त्यांनी भराभर सांगितलं. २००५ नंतर जननी सुरक्षा योजना आली, गावात आशाताई आल्या, बाळंतपणं दवाखान्यात जायला लागली. स्वतः किती केली? "मोजली नाहीत." मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला, त्या दिवशी त्या नेहमीसारख्या लसीकरणाच्या सत्रावर होत्या. २०२१ साली कोविडची लस घेऊन पाड्यावर गेल्या तर पुन्हा दारं लागली. "मला वाटलं, आलं परत चौऱ्याऐंशी साल."

२०२२ मध्ये त्या निवृत्त झाल्या.

उठताना सहज विचारलं, टार्गेट कधी चुकलं का? १९९१ च्या मार्चमध्ये एक केस कमी पडत होती, त्या म्हणाल्या. तेव्हा त्या सत्तावीस वर्षांच्या होत्या, पदरी दोन मुलं. ती केस त्यांनी स्वतःचीच भरली.