जेल पॉलिश नखावरून का सुटते?

पार्लरमध्ये नखांना जेल पॉलिश लावून घेतले की ते दोन-तीन आठवडे टिकावे अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात कधी कधी चौथ्या-पाचव्या दिवशीच एखाद्या नखाची कड उचलली जाते, तिच्यात केस अडकू लागतो आणि मग रंगाचा अख्खा पापुद्रा सालीसारखा निघून येतो. गिऱ्हाईक म्हणते, बाटली जुनी असणार. पार्लरवाली म्हणते, ताईंनी भांडी घासली असणार. कधी एकीचे खरे असते, कधी दुसरीचे. मात्र पापुद्रा कोठून सुटला हे नीट पाहिले तर भांडण न करताही पुष्कळ उलगडा होतो. शिवाय एवढ्याशा नखावर बहुवारिके, प्रकाशाचे शोषण, पृष्ठभागाचे गुणधर्म आणि नखाची रचना हे सारे एकत्र आलेले असल्याने हा प्रश्न विज्ञानाच्या वर्गातही जरूर घ्यावा.

प्रथम एका शब्दाचा घोळ निस्तरायला हवा. ‘हात दिव्याखाली ठेवा, म्हणजे पॉलिश सुकेल’, असे पार्लरमध्ये सर्रास म्हणतात. साधे नेलपॉलिश खरोखरच सुकते. त्यात नायट्रोसेल्युलोज हे बहुवारिक एथिल अॅसिटेट, ब्युटिल अॅसिटेट अशा द्रावकांत विरघळवलेले असते. द्रावक उडून जातो, त्याचा वास वर्गभर पसरतो आणि मागे पातळ थर उरतो. काचपट्टीवर साधे पॉलिश फासून ती संवेदनशील तराजूवर ठेवली, तर वजन घटताना विद्यार्थ्यांना दिसते.

जेल पॉलिश मात्र सुकत नाही. त्यातून जवळजवळ काहीच उडून जात नाही. ते लहान व मध्यम आकाराच्या अॅक्रिलेट आणि मेथाक्रिलेट रेणूंचे दाट मिश्रण असते. त्यात थोडे असे द्रव्य मिसळलेले असते, की ३६५ ते ४०५ नॅनोमीटरच्या आसपासचा अतिनील व जांभळा प्रकाश शोषून त्याचे रेणू तुटतात आणि मुक्त मूलके तयार होतात. ही मूलके शेजारच्या रेणूंमधील द्विबंध उघडतात. रेणूला रेणू जोडला जाऊन साखळ्या होतात, साखळ्या एकमेकींत गुंततात आणि द्रवाचे जाळे बनते. म्हणजे कारखान्यात घडते तसे बहुवारिकीकरण येथे गिऱ्हाइकाच्या बोटावर घडत असते. ही अभिक्रिया उष्णता बाहेर टाकते, म्हणूनच थर जाड असला की दिव्याखाली नख एकदम चटकते.

या फरकाला व्यवहारात फार महत्त्व आहे. सुकलेली वस्तू हाताला कोरडी लागते, त्यामुळे बोट लावून खात्री करता येते. जाळे पुरे झाले की नाही हे मात्र बोट लावून कळत नाही. उलट पूर्ण घट्ट झालेल्या जेलचा वरचा भाग बहुधा चिकटच राहतो, कारण हवेतील ऑक्सिजन मुक्त मूलकांना गाठून निकामी करतो. हा चिकटा शेवटी स्पिरिटसारख्या द्रवाने पुसून काढतात. दोन थरांच्या मधला चिकटा मात्र पुसायचा नसतो. त्यातील न जुळलेले रेणू पुढच्या थराशी जोडले जातात. रंगाचा पापुद्रा नखावरून न सुटता रंगाच्याच दोन थरांमधून सुटला असेल, तर मधला चिकटा पुसला गेला किंवा त्यावर फायलिंगची धूळ बसली अशी शंका घ्यावी.

कोठून सुटले?

सर्वांत जास्त तक्रार नखाच्या मुळाशी सुटण्याची असते. तेथे मृत पेशींचा एक पातळ, पारदर्शक पापुद्रा नखाला चिकटून नखाबरोबर पुढे सरकत येतो. यालाच क्यूटिकल म्हणतात. तो नीट काढला नाही तर जेल नखाला चिकटतच नाही, या पापुद्र्याला चिकटते. भिंतीच्या सुटलेल्या पोपड्यावर कितीही भारी रंग दिला तरी तो पोपड्यासकट पडतो, तसेच हे आहे. दुसरे कारण म्हणजे जेल कडेच्या कातडीवर ओघळणे. कातडी लवचिक असते, हलते आणि तिचे वरचे पापुद्रे झडत असतात. तिच्यावरचा जेलचा ओघळ एखाद्या तरफेसारखा नखावरचा थर उचलू लागतो, आणि एकदा फट पडली की पाणी व साबण आपले काम करतात. मात्र दोन आठवड्यांनी मुळाशी दिसणारी मोकळी पट्टी म्हणजे सुटणे नव्हे. हाताचे नख महिन्याला सुमारे ३ मिलिमीटर वाढते, तेवढा रंग पुढे सरकणारच.

टोकाशी सुटले असेल तर नखाची पुढची कड जेलने झाकली गेली होती का आणि गिऱ्हाईक नखाने डबे उघडते का, या दोन गोष्टी विचाराव्यात. एकाच हाताची नखे सुटली असतील तर तो बहुधा कामाचा हात असतो.

फक्त अंगठ्याचेच सुटले तर? हे कोडे वर्गात जरूर घालावे. पंजा दिव्याखाली सपाट ठेवला की चार नखे वर पाहतात, पण अंगठा कुशीवर पडतो आणि त्याचे नख बाजूच्या भिंतीकडे पाहते. पृष्ठभाग तिरका झाला की तेवढाच प्रकाश जास्त क्षेत्रावर पसरतो. सकाळचे ऊन दुपारच्या उन्हाइतके चटके देत नाही, त्यामागचे एक कारणही हेच. उपाय सोपा आहे. चार बोटे एकदा आणि दोन्ही अंगठे शेजारी सपाट ठेवून पुन्हा एकदा.

दहाही नखांवरचे जेल अखंड पापुद्र्यांनी निघाले तर दोष सार्वत्रिक आहे, असे धरून चालावे. एक तर पृष्ठभाग तेलकट वा ओला होता, नाही तर प्रकाश अपुरा पडला. तेलाचा परिणाम दाखवणे सोपे आहे. एका स्वच्छ काचपट्टीवर पाण्याचा थेंब ठेवा, दुसरीला खोबरेल तेलाचे बोट पुसून तिच्यावर ठेवा. पहिला पसरतो, दुसरा गोळा होऊन बसतो. जो द्रव पृष्ठभागावर पसरतच नाही तो तेथे चिकटणार कसा? हात धुण्यापूर्वीचे क्रीम किंवा फायलिंगनंतर सहज लागलेले बोट एवढ्यानेही फरक पडतो.

पाण्याची गोष्ट जरा निराळी. नख केराटिन या प्रथिनाचे असते आणि दिसायला शिंगासारखे कठीण असले तरी ते पाणी शोषते. नखाचे कापलेले तुकडे रात्रभर पाण्यात ठेवा. सकाळी ते मऊ आणि सपाट झालेले दिसतील, वाळल्यावर पुन्हा वाकतील. मॅनिक्युअरच्या जुन्या पद्धतीत बोटे कोमट पाण्यात भिजवतात. साध्या पॉलिशला ते एक वेळ चालून जाते. जेल मात्र फुगलेल्या, सपाट झालेल्या नखावर काही सेकंदांत घट्ट होते आणि नंतर नख वाळून आपल्या मूळ आकाराला येऊ पाहते. जेलही घट्ट होताना थोडे आकसते. दोहोंच्या ओढाताणीत जोड तुटतो.

प्रकाश कमी पडण्याची कारणे मात्र डोळ्यांना दिसत नाहीत. प्रकाश वरून येतो, त्यामुळे थर धरून ठेवणाऱ्या तळाच्या भागाला तो सर्वांत कमी मिळतो. समजा, रंगाचा एक थर निम्मा प्रकाश पुढे सोडतो. मग दोन थरांखाली पाव आणि तीन थरांखाली आठवा हिस्साच पोचेल. म्हणून बेस कोट, रंग, टॉप कोट हे सारे पातळ लावून प्रत्येक थर वेगळा घट्ट करायचा असतो. काळा रंग प्रकाश शोषतो, पांढरा तो विखुरतो. त्यामुळे याच दोन रंगांच्या तक्रारी अधिक आल्या तर नवल नाही. दिव्यावर लिहिलेले वॉट तर फसवेच. ते विजेचा खप सांगतात, जेलला लागणाऱ्या तरंगलांबीचा किती प्रकाश नखावर पडतो हे सांगत नाहीत. जुन्या पद्धतीच्या नळ्यांचा प्रकाश वापराने मंदावतो, आणि एका कंपनीचे जेल दुसऱ्या कंपनीच्या दिव्याखाली नीट घट्ट होईलच असे नाही.

पापुद्र्याखाली काय राहते?

अर्धवट राहिलेल्या अभिक्रियेत रंग सुटण्यापेक्षा मोठा धोका आहे. जाळ्यात न गुंतलेले लहान रेणू मोकळे राहतात आणि कातडीत शिरू शकतात. यांतला सर्वांत परिचित रेणू म्हणजे हायड्रॉक्सीएथिल मेथाक्रिलेट. त्याचे संक्षिप्त नाव ‘हेमा’ आहे, हा निव्वळ योगायोग! याच रेणूचे बहुवारिक वापरून ऑटो विख्टर्ले यांनी १९६१ साली प्राग येथे खेळण्यातील सांगाड्याच्या भागांपासून बनवलेल्या यंत्रावर मऊ कॉन्टॅक्ट लेन्स तयार केली. जुळलेला हेमा डोळ्यात चालतो, सुटा हेमा मात्र कातडीला वावडे उत्पन्न करू शकतो. बोटांना खाज, भेगा, नखाखाली जळजळ, कधी पापण्यांवर पुरळ अशी त्याची लक्षणे असतात. एकदा जडलेले वावडे सहसा जन्मभर राहते. दातांत भरायच्या, निळ्या प्रकाशाने घट्ट होणाऱ्या मिश्रणांत आणि हाडांच्या शस्त्रक्रियेतील सिमेंटमध्येही याच कुळातील रेणू असतात, त्यामुळे तेथेही अडचण येऊ शकते. ब्रिटनमधील त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला. युरोपीय संघाने २०२१ पासून हेमायुक्त नखांची उत्पादने केवळ व्यावसायिकांच्या वापरापुरती ठेवली आणि टीपीओ या प्रकाश शोषणाऱ्या द्रव्यावर १ सप्टेंबर २०२५ पासून सौंदर्यप्रसाधनांत बंदी घातली.

गिऱ्हाइकापेक्षा पार्लरमधील मुलीला हा धोका अधिक, कारण ती दिवसभर हेच हाताळते. कडेला ओघळलेले जेल बोटाने निपटणे ही सवय तिने प्रथम सोडावी. साधे पातळ हातमोजे या रेणूंना फार वेळ अडवत नाहीत, तेव्हा ते वरचेवर बदलावेत. वर्गात प्रयोग करायचे ते काचपट्टी, तेल आणि नखाच्या तुकड्यांवरच. विद्यार्थ्यांच्या हाती जेल देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

रंग सुटू लागला की पुढच्या खेपेला नख अधिक घासायचे, हा पार्लरमधला नेहमीचा उपाय आम्हाला सर्वांत वाईट वाटतो. हाताचे नख जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असते. ते पातळ केले की जास्त वाकते, आणि वाकणाऱ्या पृष्ठभागावरून घट्ट थर अधिकच लवकर सुटतो. चकाकी जाईल एवढेच हलके घासणे पुरते. दिव्याखाली उगाच जास्त वेळ हात धरण्यातही शहाणपण नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील संशोधकांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अशा दिव्यांच्या प्रकाशाने प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींच्या डीएनएला इजा झाल्याचे आढळले. त्यावरून माणसांना कर्करोग होतो असे सिद्ध होत नाही. तरी बोटांची टोके उघडी ठेवणारे हातमोजे घालायला काही खर्च येत नाही.

उचललेला पापुद्रा ओढून काढण्याचा मोह आवरावा. त्याच्याबरोबर नखाचे वरचे थरही निघतात. अॅसिटोनचा बोळा दहा-पंधरा मिनिटे लावून मऊ झालेला रंग हलकेच सरकवावा. फटीत ओल साचून कधी नखावर हिरवट डाग पडतो. तो बहुधा स्यूडोमोनस जीवाणूंच्या रंगद्रव्याचा असतो, आणि त्यावर पुन्हा रंग चढवण्याऐवजी नख उघडे व कोरडे ठेवून डॉक्टरांना दाखवावे. ओढण्याने खरवडलेला भाग औषधाने भरून येत नाही. नख मुळापासून टोकापर्यंत नवे यायला साधारण पाच-सहा महिने लागतात.