कपाटातला कम्प्युटर सारखा बंद का पडतो? डोंगरीच्या खाऱ्या हवेत दार उघडं ठेवायचं की लावायचं?

भाईंदर पश्चिमेहून मुर्धा, राई, मोर्वा मागे टाकत उत्तनकडे निघालं की वाटेत डोंगरी लागतं. समुद्र हाकेच्या अंतरावर. त्यामुळे खिडकीचं ग्रील असो, फ्रीजचा खालचा पत्रा असो की स्कूटरचा सायलेन्सर, गंज कुणाला सोडत नाही. किनाऱ्यावरच्या माणसाला हे सांगावं लागत नाही.

म्हणून घरात नवीन फर्निचर करायला घेतलं की सुताराला हमखास सांगितलं जातं, "कम्प्युटरसाठी खाली एक कप्पा कर, आणि त्याला दार लाव." सनमायका मॅचिंग होतो, वायरी दिसत नाहीत, धूळ नाही, खारी हवा नाही, पोरांचे हात नाहीत. सगळं झकास.

मग मे महिना येतो. परीक्षेचा फॉर्म अर्धा भरून झालेला असतो किंवा जीएसटी रिटर्नची शेवटची तारीख असते, आणि नेमका तेव्हाच कम्प्युटर पटकन बंद पडतो. पुन्हा चालू केला की दहा मिनिटांनी तेच. दुरुस्तीवाल्याच्या टेबलावर नेला की मात्र दिवसभर मस्त चालतो. कारण बिघाड कम्प्युटरमध्ये नसतो, कपाटात असतो.

आत जाते वीज, बाहेर येते उष्णता

साधा ऑफिसकामाचा कम्प्युटर चालू असताना ६० ते १०० वॅट वीज घेतो. या विजेचं शेवटी काय होतं? जवळजवळ सगळीची उष्णता होते. म्हणजे १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब कपाटात पेटवून दार लावलं, तर जे होईल तेच इथे होतं. बल्ब कुणी असा ठेवणार नाही, कम्प्युटर मात्र सगळे ठेवतात.

"पण त्याला आत पंखा आहे की," असं अनेकांना वाटतं. पंखा हवा थंड करत नाही. तो फक्त चिपजवळची गरम हवा सीपीयूच्या डब्याबाहेर ढकलतो. डब्याबाहेर कपाट, आणि कपाट बंद. तीच गरम हवा पुढून पुन्हा आत शिरते. पंखा आणखी जोरात फिरतो, आवाज वाढतो आणि तापमानही वाढतच जातं.

प्लायवूड म्हणजे कम्प्युटरला घातलेला स्वेटर

उत्तनच्या बंदरावर मासे बर्फासकट जाड भिंतींच्या पेट्यांत ठेवतात. ती पेटी बर्फ तयार करत नाही, ती फक्त बाहेरची उष्णता आत येऊ देत नाही. प्लायवूडही थोड्याफार प्रमाणात तेच करतं, फक्त उलट्या दिशेने. ते आतली उष्णता बाहेर जाऊ देत नाही. पोलादाच्या तुलनेत लाकडातून उष्णता शेकडो पट कमी वेगाने जाते.

एक ढोबळ हिशोब बघा. दोन फूट रुंद, दोन फूट खोल, दीड फूट उंच असा १८ मिलिमीटर प्लायचा बंद कप्पा घेतला आणि त्यात १०० वॅटचा कम्प्युटर काही तास चालवला, तर आतली हवा खोलीपेक्षा २० अंशांहून जास्त तापू शकते. कप्प्याच्या बाजू भिंतीला टेकलेल्या असतील तर आणखी जास्त. खोलीत ३३ अंश असतील तर कपाटात ५५. आणि ही झाली फक्त हवा, चिप त्याहून कितीतरी गरम असते.

नुकसान नेमकं कुठे होतं?

प्रोसेसर स्वतःला वाचवतो. बहुतेक प्रोसेसरची मर्यादा १०० अंशांच्या आसपास असते. ती जवळ आली की तो आपला वेग कमी करतो, म्हणून कम्प्युटर रडत रडत चालतो. तरीही भागलं नाही, तर मशीन सरळ बंद होतं.

बाकीच्या भागांना ही सोय नसते. साध्या हार्ड डिस्कसाठी कंपन्या साधारण ६० अंशांपर्यंतची मर्यादा देतात. घरातले सगळे फोटो, दुकानाचा हिशोब, सातबाऱ्याचे स्कॅन जर एकाच डिस्कवर असतील, तर खरा धोका तिथे आहे. पॉवर सप्लायमधल्या कपॅसिटरचं आयुष्य दर १० अंशांमागे अंदाजे निम्मं होतं. यूपीएसच्या बॅटरीचंही तसंच, ती २५ अंशांच्या हिशोबाने बनवलेली असते.

कम्प्युटर आणि कपाट, जोडी जुनीच

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली सुरू झालेला टिफ्रॅक हा देशात बनलेल्या अगदी सुरुवातीच्या कम्प्युटरपैकी एक. तो १८ फूट लांब आणि ८ फूट उंच अशा पोलादी मांडणीत बसवलेला होता. त्यात सुमारे २,७०० व्हॅक्यूम ट्यूब होत्या आणि अशी प्रत्येक ट्यूब आतल्या तापलेल्या तारेवर चालते. तेव्हाची खोली व्यापणारी यंत्रं आता एका कप्प्यात मावतात, पण उष्णतेचा नियम बदललेला नाही. ती बाहेर काढावीच लागते.

मग दार सरळ उघडं ठेवायचं का?

नागपूर किंवा पुण्यात असाल तर बिनधास्त ठेवा. डोंगरीत जरा विचार करावा लागतो. मिठाची एक खोड आहे. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून विरघळायला लागतं. पावसाळ्यात स्वयंपाकघरातलं मीठ ओलं होतं ते यामुळेच. मदरबोर्डवर बसलेल्या खाऱ्या धुळीचंही असंच खारं पाणी होतं, आणि त्यातून वीजही वाहते आणि गंजही चढतो.

पण यातच एक गंमत आहे. चालू कम्प्युटर कोमट असतो, त्यामुळे त्याच्याभोवतीच्या हवेतली सापेक्ष आर्द्रता कमी होते. जास्त धोका असतो तो पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे बंद पडून राहिलेल्या मशीनला. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये कम्प्युटर दिवसाआड तासभर तरी चालवलेला बरा.

थोडक्यात, दार लावलेलं चालेल. हवेला वाट मात्र हवी, आणि ती गाळून आत यायला हवी.

सुताराला काय सांगायचं?

१०० वॅट उष्णता वाहून न्यायची आणि आतली हवा खोलीपेक्षा १० अंशांहून जास्त तापू द्यायची नाही, तर सेकंदाला साधारण ८ लिटर हवा बदलावी लागते. १२० मिलिमीटरचा एक साधा कम्प्युटर पंखा जाळी लावूनही हे काम करू शकतो. त्यासाठी:

१. गरम हवा वर जाते, म्हणून हवा आत येण्याची जागा खाली पुढे आणि बाहेर जाण्याची वर मागे. दोन्ही भोकं वरच पाडली तर तळाची हवा तशीच राहते.

२. वरच्या भोकात पंखा बाहेर हवा फेकेल असा बसवा. पंख्याच्या चौकटीवर बाण नसेल, तर ज्या बाजूला आधाराच्या दांड्या दिसतात त्या बाजूने हवा बाहेर पडते.

३. खालची जागा पंख्याच्या दुप्पट मोठी ठेवा आणि तिला धुता येईल अशी बारीक नायलॉनची जाळी लावा. किनाऱ्यावर ती दर पंधरा दिवसांनी धुऊन, पूर्ण वाळवून परत बसवा.

४. कपाट भिंतीपासून तीन-चार इंच पुढे ओढा. भिंतीतलंच फर्निचर असेल तर गरम हवा वरच्या बाजूने खोलीत काढा.

५. यूपीएस कप्प्याबाहेर ठेवा. पाणी घालायची इन्व्हर्टर बॅटरी तर बंद कपाटात कधीच नको, चार्ज होताना तिच्यातून पेट घेणारा हायड्रोजन वायू निघतो.

बर्फाचे डबे, ओलं फडकं, कूलर हे प्रयोग करू नका. किनाऱ्यावर ओलावा आधीच भरपूर आहे. आणि ४०० वॅट खाणारा गेमिंग कम्प्युटर असेल, तर त्याला कपाटातून बाहेरच काढा.

खर्च करण्याआधी एक चाचणी

तापमान दाखवणारं एखादं फुकट सॉफ्टवेअर टाका. दार लावून अर्धा तास नेहमीचं काम करा आणि आकडा लिहून ठेवा. मग दार सताड उघडून पुन्हा अर्धा तास तेच काम. आकडा दहा-एक अंशांनी उतरला तर दोष कपाटाचा. फारसा फरक पडला नाही तर आतली धूळ किंवा प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट बघून घ्या.

उत्तनमध्ये बांबूंवर टांगलेले बोंबील वाळतात, ते नुसत्या उन्हाने नाही, दोन्ही बाजूंनी वाहणाऱ्या वाऱ्याने. कपाटातल्या कम्प्युटरलाही एसीपेक्षा आधी तेवढंच लागतं, एका बाजूने येणारी आणि दुसऱ्या बाजूने जाणारी हवा. काम सुताराच्या अर्ध्या दिवसाचं आहे. हार्ड डिस्कमधले फोटो एकदा गेले, तर ते मात्र कुठलाच मिस्त्री परत बनवून देत नाही.