आश्रयदात्याचे ऋण आणि देशाची निष्ठा : टोकियोतील रासबिहारी बोस

शत्रूचा शत्रू तो आपला मित्र, या हिशेबाने सर रॉजर केसमेंट हे आयरिश क्रांतिकारक 1914 मध्ये जर्मनीला गेले आणि तेथील युद्धकैदी छावण्यांतील आयरिश सैनिकांतून इंग्लंडविरुद्ध लढणारी तुकडी उभारू लागले. पण इंग्लंडच्या राजाशी इमानाची शपथ घेतलेल्या त्या कैद्यांपैकी जेमतेम पन्नास-साठ जण त्यांच्यामागे आले आणि ऑगस्ट 1916 मध्ये लंडनमध्ये केसमेंट फासावर गेले. शत्रूच्या शत्रूची मदत घ्यावी, तर निष्ठेचे काय, हाच पेच भारतीय क्रांतिकारकांपुढे जपानमध्ये उभा राहिला, आणि तोही तीस वर्षे.

फेब्रुवारी 1915 मध्ये लाहोर आणि इतर ठिकाणच्या लष्करी छावण्यांत एकाच वेळी बंड घडवण्याचा, परदेशस्थ भारतीय क्रांतिकारकांच्या गदर पक्षाचा बेत फितुरीने फसला, तेव्हा त्या कटात बंगाली क्रांतिकारक रासबिहारी बोस यांच्या खांद्याला खांदा लावून वावरणारे तळेगाव ढमढेरे येथील विष्णु गणेश पिंगळे मेरठच्या घोडदळाच्या छावणीत बॉम्बसह पकडले गेले आणि 16 नोव्हेंबर 1915 रोजी लाहोरच्या तुरुंगात फाशी गेले. बोस मात्र रवींद्रनाथ ठाकुरांचे नातेवाईक असल्याची बतावणी करून त्याआधीच जपानला पोहोचले होते. जपान त्या वेळी 1902 च्या तहान्वये इंग्लंडचा मित्र होता, त्यामुळे पिंगळ्यांच्या फाशीला पंधरवडा उलटतो न उलटतो तोच बोस यांना देश सोडण्याचा हुकूम मिळाला. मुदत संपण्याच्या आदल्या रात्री आशियाच्या ऐक्याचा पुरस्कार करणारे राष्ट्रवादी पुढारी तोयामा मित्सुरु यांच्या घरातून त्यांना गुपचूप बाहेर काढण्यात आले आणि शिंजुकूमधील ‘नाकामुराया’ या पावाच्या दुकानामागील चित्रशाळेत लपवण्यात आले. दुकानाचे मालक सोमा दांपत्य. त्यांची मुलगी तोशिको हिच्याशी बोस यांचा 1918 मध्ये विवाह झाला, 1923 मध्ये त्यांना जपानी नागरिकत्व मिळाले आणि इंग्रजांच्या हातून ते कायमचे निसटले.

पण आश्रय देणारा देश स्वतःच साम्राज्य होता. 1910 मध्ये जपानने कोरिया गिळंकृत केला होता, आणि 8 फेब्रुवारी 1919 रोजी याच टोकियोत कोरियन विद्यार्थ्यांनी स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचला, तेव्हा पोलिसांनी त्यांची धरपकड केली. त्याचा मसुदा लिहिणारे कादंबरीकार यी ग्वांगसु यांनी पुढे 1940 मध्ये जपानी नाव घेऊन सत्तेची बाजू धरली, यावरून त्या काळात निष्ठा कशा दुभंगत होत्या याची कल्पना येते. 1937 नंतर चीनवरील आक्रमणाने व्यथित होऊन रवींद्रनाथांनी जपानची कठोर निर्भर्त्सना केली, मात्र बोस जपानची बाजू मांडत राहिले.

1942 मध्ये बोस यांच्या अध्यक्षतेखालील इंडियन इंडिपेंडन्स लीग या पूर्व आशियातील भारतीयांच्या संघटनेच्या आधिपत्याखाली आझाद हिंद सेना उभी राहिली, तेव्हा केसमेंटला न जमलेली गोष्ट प्रत्यक्षात आली. जपानच्या हाती लागलेले हजारो भारतीय युद्धकैदी तिच्यात सामील झाले, तरी हजारो जणांनी नकारही दिला. जपानी लष्कर आपल्याला बरोबरीने वागवत नाही या तक्रारीवरून सेनापती मोहनसिंग यांचा बोस आणि जपानी अधिकारी या दोघांशीही बेबनाव झाला आणि डिसेंबर 1942 मध्ये त्यांना अटक झाली. जुलै 1943 मध्ये रासबिहारींनी सिंगापूर येथे सूत्रे सुभाषचंद्र बोस यांच्या हाती दिली.

रासबिहारींना जपानचे हस्तक ठरवणे अन्यायाचे आहे, कारण जपानने आसरा दिला नसता तर पिंगळ्यांचा फास त्यांच्याही गळ्यात पडला असता. परंतु त्या आसऱ्याची किंमत चीनच्या बाबतीत त्यांच्या विवेकाला मोजावी लागली, ही गोष्ट त्यांच्या चरित्रकारांनी लपवू नये.